आहे त्याच रिमवर हिवाळी टायर: माप कसं ठरवायचं?

सावकाश_चालक

हिवाळी टायर घ्यायचे आहेत, पण रिमचा दुसरा संच घ्यायचा नाही. माहिती अशी:

सध्याचे उन्हाळी टायर २२५/४५ आर१७ ९१डब्ल्यू. रिमच्या मागच्या बाजूला कोरलंय ७.५जे×१७, ईटी४५ (ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या जागेपर्यंतचं अंतर, मिमीत). दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दोन मापं आहेत, २२५/४५ आर१७ आणि २०५/५५ आर१६. वजनाच्या पाटीवर मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ११८० किलो. गाडीचा कमाल वेग ताशी २०५ किमी. रस्ते बहुतेक ओले, अधूनमधून ताजा बर्फ, आणि मीठ टाकल्यावर होणारा बर्फाचा रबडा.

प्रश्न असे. स्टिकरवरचं आर१६ माप या रिमवर चालेल का? बर्फात अरुंद टायर चांगला म्हणतात, मग २०५/५०, २०५/५५ किंवा २१५/५० आर१७ यांपैकी काय घ्यावं? आणि 'डब्ल्यू'च्या जागी 'एच' किंवा 'टी' घेतला तर काही बिघडतं का?

रिममास्तर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळसरळ 'नाही' असं आहे. 'आर' नंतरचा आकडा रिमचा व्यास इंचात सांगतो. १७ इंची रिमवर १७चाच टायर बसतो, त्यात अर्ध्या इंचाचीही सवलत नाही. स्टिकरवर २०५/५५ आर१६ लिहिलंय ते गाडीला १६ इंची रिमही चालते म्हणून. ते माप तुमच्या गाडीला लागू आहे, तुमच्या रिमला नाही. ही गल्लत खूप होते.

आहे ती रिम ठेवायची म्हटल्यावर व्यास ठरला. रुंदी किती मोकळी आहे ते रिमची रुंदी ठरवते. ७.५जे म्हणजे आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत ७.५ इंच, १९०.५ मिमी. 'जे' हा कडेच्या आकाराचा प्रकार आहे. कोरीव अक्षरं मिठाने खाल्ली असतील तर टेपने मोजता येतं, पण दोन्ही कडांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर घ्या. बाहेरून बाहेर मोजलंत तर साधारण इंचभर जास्त येतं आणि पुढचं सगळं चुकतं.

प्रत्येक टायर मापाला रिमच्या रुंदीचा मान्य पल्ला असतो. तुमच्या कामाचे एवढेच:

२२५/४५ आर१७: ७.० ते ८.५
२१५/५० आर१७: ६.० ते ७.५
२१५/४५ आर१७: ७.० ते ८.०
२०५/५० आर१७: ५.५ ते ७.५
२०५/४५ आर१७: ६.५ ते ७.५

म्हणजे २०५/५० आणि २१५/५० बसतात, पण दोन्ही पल्ल्याच्या टोकावर. टायर टोकावर असला की साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) बाहेर ताणलेली राहते, रिमची कड टायरच्या पुढे येते आणि फुटपाथला पहिला ओरखडा रिमलाच बसतो. चालतं, पण आदर्श नाही. १९५ रुंदीकडे तर बघूच नका.

आकडेमोड

व्यासाचं गणित देतो, कॅल्क्युलेटरची गरज नाही. मापातला पहिला आकडा टायरची रुंदी, मिमीत; तिरक्या रेघेनंतरचा आकडा साइडवॉलची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. रुंदी × टक्के × २, त्यात रिमचे इंच × २५.४ मिळवायचे.

२२५/४५ आर१७ साठी: २२५ × ०.४५ = १०१.२५, दुप्पट २०२.५. त्यात ४३१.८ मिळवले की ६३४.३ मिमी. हा आधार.

२०५/५०: ६३६.८ मिमी, म्हणजे +०.४ टक्के
२१५/४५: ६२५.३, −१.४ टक्के
२१५/५०: ६४६.८, +२.० टक्के
२०५/४५: ६१६.३, −२.८ टक्के
२०५/५५: ६५७.३, +३.६ टक्के

२०५/५५ आर१७ इथेच बाद. स्टिकरवर २०५/५५ दिसतं म्हणून लोक तेच टक्के १७ वर उचलतात. टक्के हे रुंदीचे असतात, रिम एक इंच मोठी झाली की तोच टायर २५.४ मिमी उंच होतो.

स्पीडोमीटरमुळे मोठ्या व्यासाची बाजू जास्त सांभाळायची. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ३९ प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवायला मात्र १० टक्के अधिक ४ किमीपर्यंत मुभा आहे. म्हणून कंपन्या तो मुळातच थोडा पुढे ठेवतात. टायर मोठा केला की ही शिल्लक खर्च होते. तुमच्या काट्यात किती शिल्लक आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून +१.५ टक्क्याच्या पुढे जाऊ नये असं माझं मत. २१५/५० त्यामुळे मला पटत नाही, कागदावर बसत असला तरी.

पाना_फिरव्या

+१ आकडेमोड. शिवाय +२ टक्के म्हणजे व्यासात १२.५ मिमी, त्रिज्येत ६ मिमी. ही सहा मिलिमीटरं काही गाड्यांत सस्पेंशनच्या खालच्या स्प्रिंग-बैठकीजवळ जातात, जिथे मुळात बोटभरही जागा नसते. वर नवीन हिवाळी टायरच्या खाचा ८ ते ९ मिमी खोल, उन्हाळीपेक्षा थोड्या जास्तच. कागदावरच्या व्यासात हे दिसत नाही.

हिमरेषा

रुंदी-व्यासावर इतकं बोलणं झालं, पण अरुंद टायर घेताना खरा घात भारांकात होतो, म्हणजे वेगाच्या अक्षराआधीच्या आकड्यात (९१डब्ल्यू मधला ९१), जो एक टायर किती वजन पेलतो ते सांगतो. कोणी काढला नाही म्हणून लिहिते.

मागचा अ‍ॅक्सल ११८० किलो, म्हणजे प्रत्येक टायरवर ५९०. भारांक ८९ = ५८० किलो, ९० = ६००, ९१ = ६१५, ९३ = ६५०, ९४ = ६७०. तर किमान ९० हवा.

आता तीच यादी पुन्हा बघा. २०५/५० आर१७ साधा येतो तो ८९चा. नापास, फक्त दहा किलोने, पण नापास. एक्सएल (जास्त हवेवर जास्त भार पेलणाऱ्या) प्रकारात तो ९३ असतो, तो पास. २१५/४५ साधा ८७ नापास, एक्सएल ९१ पास. २०५/४५ साधा ८४ आणि एक्सएल ८८, दोन्ही नापास, त्यामुळे रिमवर बसतो आणि व्यासही तीन टक्क्यांच्या आत आहे तरी तो यादीतून जातो. २२५/४५ साधा ९१ किंवा एक्सएल ९४, दोन्ही पास.

हा हिशोब गणिताने लागणारा किमान आकडा आहे. गाडीच्या कागदांत यापेक्षा मोठा भारांक छापला असेल तर तोच धरायचा.

एक्सएलबद्दल एक गैरसमज आहे की टायर जाड म्हणून त्याच हवेत जास्त वजन पेलतो. तसं नाही. साध्या टायरचा पूर्ण भार २.५ बारला मोजतात, एक्सएलचा २.९ बारला. ५९० किलोसाठी ९१च्या साध्या टायरला अंदाजे २.४ बार लागतील, तर ९३ एक्सएलला २.६ च्या आसपास. म्हणजे २०५/५० ९३ एक्सएल बसवून दारावरच्या स्टिकरचीच हवा भरली, तर भरल्या गाडीत टायर कमी हवेवर पळेल. माप बदललं की टायर कंपनीचा भार-हवा तक्ता मागून घ्यायचा.

अवांतर: काही टायरवर मापाआधी 'पी' असतं, उदा. पी२०५/५५ आर१६ ८९एच. 'पी' नसलेला तोच आकार ९१ असतो. माप सारखंच आहे म्हणून उचलला की दोन भारांक गेले. बाजूचा आकडा वाचूनच घ्या.

बर्फाळ_वाट

हे सगळं ठीक, पण बर्फात अरुंद तो अरुंदच. एक नंबर खाली घ्या, फरक लगेच कळतो.

हिमरेषा

बर्फ कुठला त्यावर आहे. ताजा मऊ बर्फ आणि रबडा यांत अरुंद टायर जास्त दाबाने खाली शिरतो आणि पुढे ढकलायचा ढीग कमी असतो. रबड्यावर तरंगून गाडी हातातून सुटण्याचा वेगही थोडा वर जातो. तिथे तुमचं बरोबर. पण घट्ट दाबलेल्या बर्फावर आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर रबराचं मिश्रण आणि खाचांमधल्या बारीक चिरा काम करतात, वीस मिलिमीटर रुंदी नाही. ओल्या किंवा कोरड्या डांबरावर ब्रेक मारताना रुंद टायर सहसा बरोबरीचा किंवा पुढे. धागाकर्त्याचे रस्ते 'बहुतेक ओले' आहेत. त्यासाठी रिमच्या पल्ल्याच्या टोकावर जाण्यात मला फायदा दिसत नाही. त्याच मापात एक पायरी चांगला टायर घेतलेला जास्त उपयोगी पडेल.

बर्फाळ_वाट

ओल्या रस्त्याचं मान्य. रबडा रोजचा असेल तर मात्र मी २०५/५० ९३ एक्सएलच घेईन, पण गाडीच्या कागदांत ते माप असेल तरच.

रिममास्तर

हा 'कागदांत असेल तरच' भाग महत्त्वाचा आहे. दाराच्या स्टिकरवर बहुधा कारखान्यातून येणारी मापं असतात. मान्य मापांची मोठी यादी हस्तपुस्तिकेत किंवा गाडीच्या अनुरूपता प्रमाणपत्रात सापडते, आणि बऱ्याच गाड्यांत तिथे 'फक्त हिवाळी टायर' किंवा 'साखळीसाठी' (बर्फात टायरवर चढवायची साखळी) अशी वेगळी ओळ असते, रिमची रुंदी आणि ईटीसकट. तुमच्या रिमसमोर जे माप छापलंय ते घ्या. त्या यादीपुढे आमच्या गणिताला किंमत नाही. यादीबाहेरचं माप काही देशांत तपासणीत अडकतं आणि विमा कंपनीलाही निमित्त मिळतं.

काठावरचा

याच धाग्यात विचारतो. मागे-पुढे वेगळी मापं असलेली गाडी: पुढे ८जे×१८ वर २२५/४५ आर१८, मागे ८.५जे×१८ वर २५५/४० आर१८. फक्त मागच्या चाकांना जोर. हिवाळ्यात चारही २२५/४५ चालतील का? मागचा अ‍ॅक्सल १३०० किलो.

आकडेमोड

व्यास: पुढचा ६५९.७, मागचा ६६१.२. फरक दीड मिलिमीटर, एबीएसला हरकत नाही. २२५/४५ आर१८ चा रिम पल्ला ७.० ते ८.५, म्हणजे मागच्या ८.५ वर अगदी शेवटच्या पायरीला बसतो. मागची रिम ९जे असती तर उत्तर सरळ 'नाही' होतं. भार १३०० भागिले २ = ६५०, म्हणजे भारांक ९३ किंवा वर. साधा २२५/४५ आर१८ ९१चा, तो नको. एक्सएल ९५ = ६९० किलो, तो घ्या.

पाना_फिरव्या

काठावरचा, एवढं करूनही रिम मागे-पुढे अदलाबदल करू नका. टायर सारखे झाले तरी रिमची रुंदी आणि ईटी वेगळेच आहेत. मागची रुंद रिम पुढे लावली तर वळणात आत किंवा बाहेर घासू शकते.

गारठा

वेगाच्या अक्षराचा प्रश्न राहिला. क्यू १६०, आर १७०, एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० किमी. गाडीचा कमाल वेग २०५ आहे तर 'एच' पूर्ण पुरतो. 'टी' १९० चा. हिवाळी टायरला गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी अक्षर चालण्याची सवलत अनेक देशांत आहे, अट एवढीच की ती मर्यादा चालकाला दिसेल अशी लावायची. सगळीकडे तसं नाही, स्थानिक नियम बघा. भारांकाला अशी सवलत मिळत नाही.

'क्यू', 'आर', 'टी' मध्ये बहुतेक अति थंड प्रदेशांसाठीचे मऊ टायर येतात. ते गोठलेल्या रस्त्यावर उत्तम, पण शून्याच्या वरच्या ओल्या डांबरावर लिबलिबीत वाटतात आणि ब्रेकचं अंतर वाढवतात. तुमच्या वर्णनाला 'एच' किंवा 'व्ही' मधला ओल्या रस्त्यासाठी घडवलेला हिवाळी टायर योग्य.

खूण तपासा: तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण. नुसतं 'एम+एस' (चिखल आणि बर्फ) पुरेसं समजू नका, ते लिहायला बर्फावरची चाचणी द्यावी लागत नाही. डोंगर-हिमकण खुणेला द्यावी लागते. पण ती चाचणीही दाबलेल्या बर्फाची आहे, गोठलेल्या थराची नाही. त्यासाठी युरोपीय लेबलवर २०२१ पासून वेगळं चिन्ह येतं.

बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक: ३५२४ म्हणजे २०२४ चा ३५वा आठवडा. चारही टायरचे बघा.

सावकाश_चालक

सगळ्यांचे आभार. पुस्तिकेत बघितलं: ७.५जे×१७ समोर फक्त २२५/४५ आर१७ आहे. २०५/५० कुठेच नाही. म्हणजे २२५/४५ आर१७ हिवाळी, 'एच' किंवा 'व्ही'. ९१ की ९४ एक्सएल? आणि दरवर्षी दोनदा त्याच रिमवर टायर काढणं-घालणं करताना काय सांभाळायचं? हवेचे सेन्सर रिमच्या आत आहेत.

हिमरेषा

९१ नियमाने पुरतो. ९४ एक्सएलची साइडवॉल थोडी ताठ असते, वळणात डगमग कमी, बसायला किंचित कडक. गाडी बहुतेक वेळ रिकामी असेल तर ९१ घ्या, सामान-माणसांनी भरलेली असेल तर ९४. या मापात हिवाळी टायर एक्सएलमध्येच जास्त मिळतात, त्यामुळे निवड कदाचित दुकानातच होऊन जाईल. स्टिकरवरची हवा कुठल्या भारांकासाठी आहे ते मात्र एकदा बघून घ्या.

पाना_फिरव्या

एकाच रिमवर वर्षातून दोनदा टायर फिरवायचे तर कामाच्या आधी या गोष्टी सांगून ठेवा.

सेन्सर व्हॉल्व्हला जोडलेला असतो. टायरची कड रिमपासून सुटी करणारं यंत्र व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला लावायचं, व्हॉल्व्हजवळ नाही. सेन्सर तुटतो तो बहुतेक इथेच. रबरी व्हॉल्व्ह असेल तर दर वेळी नवा. धातूचा असेल तर सील, नट आणि आतली पिन नवी. पिन निकेल मुलामा दिलेलीच हवी, साधी पितळी पिन मिठाच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये जाम होते आणि पुढच्या वर्षी हवा भरायला गेलं की तुटते.

टायर उतरला की रिमची जी पट्टी टायरच्या कडेला चिकटते ती पाहा. पांढरी भुकटी किंवा फुगलेला रंग दिसला तर तारेच्या ब्रशने घासून घ्या. ही भुकटी ठेवून टायर चढवला की आठवड्याला थोडी थोडी हवा जाते, आणि पंक्चर शोधून कुठेच सापडत नाही.

टायरवर बाण असेल तर फिरण्याची दिशा जुळवा, 'आतली-बाहेरची' लिहिलं असेल तर ती बाजू. उलट बसलेला टायर पाणी नीट बाहेर फेकत नाही. बॅलन्सिंग दर वेळी लागतंच, अलाइनमेंट मात्र नुसता टायर बदलल्याने लागत नाही, ती माथी मारून घेऊ नका.

चाक चढवण्याआधी हबवरचा गंज साफ करा, नाहीतर नट घट्ट असूनही चाक तिरकं बसतं. नट आडवे-तिडवे क्रमाने, टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याला. बऱ्याच प्रवासी गाड्यांत तो १०० ते १४० न्यूटन-मीटरमध्ये असतो. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासा.

हवा टायर गार असताना, बाहेरच्या तापमानात बघा. तापमान १० अंश उतरलं की साधारण ०.१ बार कमी होते. उबदार गॅरेजमध्ये बरोबर भरलेली हवा सकाळच्या थंडीत कमीच भरते आणि सेन्सरचा दिवा लागतो. सेन्सर ऐवजी एबीएसवरून हवा ओळखणारी गाडी असेल तर हवा भरल्यावर मेनूतून पुन्हा शून्यापासून शिकवावं लागतं.

बर्फाळ_वाट

दोनच टायर घ्यायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाका. पुढे हिवाळी आणि मागे उन्हाळी ठेवलं की ब्रेक मारताना, वळताना पुढचं पकडतं आणि मागचं सुटतं. चारही चाकांना जोर असलेल्या गाडीत तर पुढच्या-मागच्या घेरात फरक पडला की मधल्या क्लचला किंवा डिफरन्शियलला सतत काम लागतं. तिथे चारही एकाच मापाचे, एकाच नक्षीचे, झीजही जवळजवळ सारखी.

गारठा

आणि खाचा ४ मिमीच्या खाली आल्या की टायर गोटा व्हायची वाट बघू नका. कायद्याची मर्यादा बऱ्याच ठिकाणी १.६ आहे, पण बर्फातली पकड त्याच्या खूप आधी जाते. उरलेले मिलिमीटर उन्हाळ्यात संपवणं हाही पर्याय नाही, मऊ रबर गरम डांबरावर भसाभसा झिजतं आणि ब्रेकचं अंतर वाढतं.

सावकाश_चालक

शेवटचा प्रश्न. घाटात साखळी सक्तीची असते तिथे २२५/४५ आर१७ वर साखळी चढेल?

रिममास्तर

पुस्तिकेत 'साखळी' शब्द शोधा. पुष्कळ गाड्यांत रुंद मापावर साखळीला मनाई असते आणि अरुंद मापावरच परवानगी, तीही कडीची जाडी ९ मिमी किंवा तत्सम लिहून. मनाई असेल तर कारण असतं: टायर आणि सस्पेंशनच्या खांबामध्ये, किंवा ब्रेक होजजवळ, तेवढी जागा नसते. चढते म्हणून चालवू नका, जोर लावून फिरल्यावर साखळी बाहेर फेकली जाते आणि पहिल्यांदा होज कापते.

तुमच्या गाडीत साखळी २०५/५५ आर१६ वरच मान्य असेल आणि घाट दरवर्षीचा असेल, तर रिमचा दुसरा संच न घेण्याचा निर्णय पुन्हा तपासा. १६ इंची लोखंडी रिम, त्यावर २०५/५५, व्यास ६३१.९, म्हणजे तुमच्यापेक्षा ०.४ टक्के कमी, रिमच्या पल्ल्याच्या (५.५ ते ७.५) मधोमध ६.५जे. दोनदा टायर काढण्याची कटकट जाते, सेन्सर मात्र दुसरा संच लागेल. फक्त दोन गोष्टी बघा. तुमच्या इंजिनच्या प्रकाराला मोठे ब्रेक असतील तर १६ ची रिम ब्रेकच्या कॅलिपरवर अडकते, स्टिकरवर आर१६ असल्याने ही शक्यता कमी आहे, पण चाक हाताने पूर्ण फिरवून बघितल्याशिवाय टायर चढवू नका. आणि लोखंडी रिमचे नट वेगळ्या बैठकीचे असू शकतात, शंकूची जागा गोलाकार नटला दिली तर टॉर्क पाना 'टक' करतो तरी चाक सैलच असतं.

सावकाश_चालक

साखळीची ओळ सापडली: फक्त २०५/५५ आर१६, कडी जास्तीत जास्त ९ मिमी. लोखंडी ६.५जे×१६ चा ईटी पुस्तिकेशी जुळवून बघतो. भारांक ९१, अक्षर 'एच'.

हिमरेषा

९१ = ६१५, तुमच्या ५९० ला पुरतो, आणि ६.५जे×१६ वर हे माप स्टिकरचंच असल्यामुळे हवाही स्टिकरवरचीच भरा. 'पी' नसलेला टायर आहे ना तेवढं बघा.